बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार आणि मूकपटांच्या काळातील अग्रगण्य निर्माते-दिग्दर्शक होते. ‘कलामहर्षी’ या उपाधीने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. कोल्हापुरात स्वदेशी बनावटीचा कॅमेरा तयार करणे, महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना आणि ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, ‘सावकारी पाश’ हे मूकपट ही त्यांची ठळक कामे होत. रंगवलेल्या पडद्याच्या जागी माणसे वावरू शकतील असा घडीव देखावा उभा करण्याची रीत भारतीय चित्रपटात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. प्रेक्षकाने देखाव्यापुढे नुसते न बसता त्याच्या आत शिरावे, हा ध्यास त्यांच्या चित्रकलेपासून शिल्पकलेपर्यंत सर्व कामांत दिसतो. त्यांच्या यशाचा उगम या ध्यासात आहे, आणि त्यांच्या एका मोठ्या अपयशाचाही.

घराणे आणि नाव

‘पेंटर’ हे त्यांचे आडनाव नव्हे. मेस्त्री हे कारागिरांचे घराणे होते आणि वडील कृष्णराव हाताचे कसबी कारागीर होते. घरात लाकूड, धातू, माती आणि रंग ही सगळीच माध्यमे वापरात असल्याने बाबूरावांना चित्रकला आणि यंत्रकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे कधी वाटले नसावे. कलाशाळेचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नाही. वास्तवदर्शी शैलीतील तैलरंगाचे आणि मूर्तिकामाचे तंत्र त्यांनी पाहून आणि करून आत्मसात केले. नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सहकारी आणि बऱ्याच अंशी मार्गदर्शक होते. दोघांच्या कामाची कीर्ती पसरत गेली तसे लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि धंद्याचे नावच घराण्याचे नाव होऊन बसले.

तेव्हाचे कोल्हापूर या जडणघडणीला पोषक होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे गवई, मल्ल, नट आणि चित्रकार एकाच वेळी नांदत होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गचित्रकार याच गावी काम करीत होता. खासबागेचे कुस्तीमैदान आणि पॅलेस थिएटर (पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह) ही शाहूकाळातली दोन ठिकाणे शेजारीशेजारी आहेत. खोलगट मैदानाच्या उतारावर बसून हजारो लोकांनी एकाच वेळी कुस्ती पाहावी आणि डावागणिक मल्लाला ओरडून साथ द्यावी, ही कोल्हापूरची सवय. अशा गावात घडलेल्या कलावंताला मुकाट बसणारा प्रेक्षक ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पडद्यांचा काळ

साधारण १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव ही जोडी पश्चिम भारतातील नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्यात अग्रेसर होती. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी केलेले पडदे विशेष नावाजले गेले. गुजराती आणि पारशी मंडळ्यांकडूनही त्यांना काम मिळे. संगीत नाटकाच्या त्या बहराच्या दिवसांत नव्या पडद्याची जाहिरात होत असे आणि राजवाड्याचा किंवा अरण्याचा पडदा उघडताच प्रेक्षक त्याला टाळी देत. नटाने तोंड उघडण्यापूर्वी चित्रकाराला दाद मिळे, असा हा व्यवहार होता.

या पडद्यांचे तंत्र यथार्थदर्शनावर आधारलेले असे. सपाट कापडावर महालाची लांबच लांब ओळ दिसावी यासाठी सगळ्या रेषा एका बिंदूकडे नेल्या जातात. मात्र अशा चित्राची खोली समोर मधोमध बसलेल्यालाच बरोबर दिसते. बाजूच्या बाकावरच्या माणसाला खांब कललेले दिसतात, आणि नट पडद्याच्या फार जवळ गेला तर तो रंगवलेल्या दारापेक्षा उंच होतो. पडद्याची ही मर्यादा दोघा भावांना रोजच्या कामातून कळली असणार. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि हलत्या चित्राने त्यांना झपाटले.

कॅमेऱ्याची निर्मिती

सुरुवातीला त्यांनी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. प्रक्षेपणयंत्र हाताळताना त्याची रचना समजत गेली. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवायचे ठरले. हे काम दिसते त्याहून बिकट होते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फीत सलग सरकून चालत नाही. प्रत्येक चौकटीसाठी ती भिंगासमोर क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे आणि मग फीत नेमकी एक चौकट पुढे गेली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सोळा किंवा अधिक वेळा, हाताने दांडा फिरवून घडवावे लागे. दातेरी चाकात केसाइतका फरक राहिला तरी पडद्यावर चित्र थरथरते.

हे काम पुरे होण्यापूर्वीच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. जोडीतला एक हात गेल्यावर बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये चालू कॅमेरा सिद्ध केला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला भांडवल दिले. संभावित धनिक चित्रपटाच्या धंद्याकडे संशयाने पाहत असताना एका गाणाऱ्या स्त्रीने आपली पुंजी त्यात घातली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासात वास्तविक अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी. शाहू महाराजांकडून जागा आणि वीजजनित्राची मदत मिळाली.

सैरंध्री

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. कथा महाभारतातील कीचकवधाची होती. हीच कथा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या नाटकात १९०७ साली रंगभूमीवर आली होती. त्यातील कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. त्यामुळे ‘सैरंध्री’ पाहायला आलेला प्रेक्षक कोऱ्या मनाने आलेला नव्हता. चित्रपट मुका होता आणि उरलेला अर्थ प्रेक्षकांनी स्वतः भरायचा होता.

बाळासाहेब यादव यांनी भीमाची आणि झुंजारराव पवार यांनी कीचकाची भूमिका केली. स्त्रीभूमिकांसाठी बाबूरावांनी स्त्रियांनाच उभे केले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. नाटकात पुरुषांनीच लुगडे नेसण्याचा तो काळ होता, आणि या दोघींना समाजाचा रोष सोसावा लागला.

कीचकाचे शिर धडावेगळे होण्याचे दृश्य बाबूरावांनी इतके हुबेहूब साधले होते की चित्रगृहात घबराट उडाली आणि काही प्रेक्षक बेशुद्ध पडले, असे सांगितले जाते. सरकारी आक्षेपानंतर तो भाग कापावा लागला. चित्रपटाच्या तपासणीचा कायदा नुकताच, १९१८ साली, झाला होता. या प्रसंगाकडे बहुधा केवळ सनसनाटी म्हणून पाहिले जाते, परंतु त्यात कलेचा एक गंभीर प्रश्न आहे. रंगभूमीवर कीचक मेला तरी पडदा पडल्यावर नट उठून उभा राहतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. चित्रपटाच्या पडद्यावर तो दिलासा नव्हता. पाहणारा आणि घटना यांमधले अंतर किती ठेवावे, आणि ते पुसून टाकले तर जबाबदारी कोणाची, याचा विचार करण्याची वेळ मराठी चित्रपटावर पहिल्याच पावलाला आली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे निधन झाले.

राहती जागा

बाबूरावांच्या कलादृष्टीतील खरा बदल नेपथ्यात दिसतो. आयुष्याची उमेदीची वर्षे पडदे रंगवण्यात घालवलेल्या या माणसाने चित्रपटात पडदाच बाजूला सारला. भिंती, खांब, जिने, ओसऱ्या असा तिन्ही बाजूंनी भरीव देखावा त्यांनी उभा केला. नट त्यात वावरू लागले, दारातून येऊ-जाऊ लागले आणि कॅमेऱ्याला एकाच ठिकाणी खिळून राहण्याची गरज उरली नाही. यथार्थदर्शनाच्या पडद्यावर एकाच जागेवरून जे बरोबर दिसे, ते आता कोठूनही बरोबर दिसू शकत होते.

चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, वेशभूषेची आणि प्रसंगांची रेखाटने करीत. प्रकाश कोठून पडणार आणि सावली कोठे रेंगाळणार, हे कागदावर आधी ठरे. दिवसाच्या उजेडावर अवलंबून न राहता कृत्रिम प्रकाशात चित्रण करण्याचे प्रयोगही त्यांनी लवकर सुरू केले. आळतेकरी सफाईने काम उरकणे त्यांना जमत नसे. एखादी गोष्ट मनासारखी होईपर्यंत काम थांबे आणि खर्च वाढत राही.

चित्रगृहाच्या बाहेरही त्यांचे लक्ष होते. १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रे आणि कथेची माहिती असलेल्या पुस्तिका छापून प्रेक्षकांच्या हाती दिल्या, आणि चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक हे चित्र असलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. पुस्तिकेचा उपयोग जाहिरातीपुरता नव्हता. मूकपटात मधूनमधून येणाऱ्या पाट्या निरक्षर प्रेक्षकाला वाचता येत नसत. शेजारचा साक्षर माणूस त्या मोठ्याने वाचून दाखवी आणि पडद्याजवळ पेटी-तबला चाले. मूकपटाचे चित्रगृह मुके नव्हते. तेथील आवाजाचा मोठा वाटा प्रेक्षकांचाच असे.

सिंहगड आणि कल्याण खजिना

हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला ‘सिंहगड’ १९२३ साली आला. रात्रीच्या चढाईची दृश्ये कृत्रिम प्रकाशात घेण्यात आली होती. त्याला झालेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे परंपरेने सांगितले जाते. बंगालमध्ये असा कर त्याआधीच बसला होता, त्यामुळे ही आख्यायिका शब्दशः घेऊ नये. गर्दीचे प्रमाण मात्र तिच्यावरून कळते. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळील वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात पदक मिळाले.

सावकारी पाश

१९२५ साली बाबूरावांनी पुराण आणि इतिहास बाजूला ठेवून ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरि आपटे यांची होती. सावकाराच्या लबाडीने एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात जाऊन गिरणी कामगार व्हावे लागते, एवढेच कथानक. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली.

विषय प्रेक्षकांच्या अंगणातला होता. १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला, तरी कर्जाचा विळखा सुटला नव्हता. बाबूरावांनी या गोष्टीत ना चमत्कार घातला, ना तलवार. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिले. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी अनेक वर्षांनंतर ते आठवणीने नोंदवले आहे.

भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून आज ‘सावकारी पाश’कडे बोट दाखवले जाते. त्या वेळी मात्र लोकांनी त्याला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही. कीचकाचे शिर पाहून भोवळ येणारा प्रेक्षक शेतकऱ्याच्या झोपडीपासून दूर राहिला. पुराणातल्या घटनेत शिरून बाहेर पडणे सोपे होते. येथे बाहेर पडल्यावर रस्त्यात पुन्हा तोच सावकार भेटणार होता. बाबूरावांनी आपल्या प्रेक्षकाला ओळखण्यात चूक केली, असे यावरून म्हणता येईल. काळाच्या पुढे गेले, असेही. दुसरे म्हणणे अधिक न्याय्य वाटते, कारण ही कथा त्यांनी सोडली नाही. १९३६ साली तोच विषय त्यांनी बोलपटात पुन्हा मांडला. मधल्या काळात कंपनीला जगवण्यासाठी त्यांना भरजरी पोशाखांच्या चित्रपटांकडे वळावे लागले.

शिष्य आणि कंपनीचा शेवट

महाराष्ट्र फिल्म कंपनीत गुरुकुलासारखी शिस्त होती. शांताराम १९२० मध्ये तेथे आले ते पडेल ते काम करण्यासाठी. दामले, फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, धायबर ही सगळी मंडळी तेथेच तयार झाली. पुढे काम आणि मोबदला यांवरून नाराजी वाढली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रमुख हात निघून गेल्यावर जुनी कंपनी फार तग धरू शकली नाही आणि १९३१ मध्ये बंद पडली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील साधी, राहती घरे पाहताना गुरूची शिकवण ओळखू येते.

बोलपटाच्या युगात बाबूराव मनापासून रमले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५) आणि त्यानंतर ‘प्रतिभा’ (१९३७) असे काही चित्रपट त्यांनी केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) हा चित्रपट त्यांच्या आणि शांताराम यांच्या नावावर आहे. तमाशाच्या फडात प्रेक्षक आणि शाहीर यांच्यात पडदा नसतो. सवाल-जवाबात बाजू कोणाची सरस, हे समोरची गर्दीच ठरवते. चाळीस वर्षांपूर्वी पडद्यांनी सुरू झालेले काम उतारवयात अशा पडदा नसलेल्या रंगमंचाच्या कथेपर्यंत आले होते.

शिल्पे

चित्रपटाच्या धकाधकीतही मूर्तिकाम आणि चित्रकला त्यांनी सोडली नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा त्यांनी घडवला आहे. याच जागी पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात त्या पुतळ्याची मोडतोड झाली. पुढे तो हटवून १९४५ साली तेथे महाराजांचा पुतळा बसवण्यात आला. संग्रहालयातल्या शिल्पाला हात लावण्याची मनाई असते, चौकातल्या पुतळ्याचे तसे नसते. लोक त्याला हार घालतात, त्याच्या साक्षीने मोर्चे निघतात, मिरवणुका थांबतात. बाबूरावांच्या हातची सर्वांत जास्त पाहिली गेलेली कृती आज कदाचित हीच असावी.

मांडणशिल्पाच्या संदर्भात

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडणशिल्प हा कलाप्रकार जगभर प्रतिष्ठित झाला. प्रेक्षकाने कलाकृतीभोवती किंवा तिच्या आत फिरावे, तिला स्पर्श करावा, तिच्यात भर घालावी, अशी त्यात अपेक्षा असते. अमेरिकेत अ‍ॅलन काप्रो यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कला सादर केलेल्या घटनाप्रयोगांत प्रेक्षकांना सूचना देऊन कलाकृतीचा भाग बनवले होते. बाबूरावांना मांडणशिल्पकार म्हणणे योग्य होणार नाही. ती संज्ञा त्यांच्या हयातीत प्रचलित नव्हती आणि त्यांचा प्रेक्षक उभारलेल्या देखाव्यात पाऊल टाकू शकत नव्हता. तो देखाव्याचे छायाचित्र पाहत होता. तथापि चित्राला सपाटीतून बाहेर काढून जागा म्हणून घडवणे आणि पाहणाऱ्याच्या प्रतिसादाला कृतीचा घटक मानणे, ही या कलाप्रकाराची दोन अंगे त्यांच्या कामात आढळतात. शिवाय परस्परसंवादी कला पाश्चात्त्य कलादालनांतूनच आपल्याकडे आली, हा समज तपासून पाहण्यास खासबाग, तमाशाचा फड आणि मूकपटाचे गजबजलेले चित्रगृह ही तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

उपलब्ध सामग्री आणि स्मारक

मूकपटांची फीत नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई, आणि जपून ठेवली तरी काळाने विरून जाई. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाही. ‘मुरलीवाला’ (१९२७) आणि ‘सती सावित्री’ (१९२७) यांसारख्या मोजक्या चित्रपटांचे भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. नाटकांचे पडदेही वापरून जीर्ण झाले. ज्या नाट्यगृहाशी त्या काळाच्या आठवणी जोडलेल्या आहेत, ते केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले.

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या परिसरात, कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला स्तंभ आहे. दरवर्षी १ डिसेंबरला, कंपनीचा स्थापनादिन म्हणून, चित्रपट व्यवसायातील कलावंत आणि तंत्रज्ञ तेथे जमून त्याला मानवंदना देतात.